मास्तरांचं खातं

कॉम्प्युटरच्या बिघडलेल्या डिस्कमधून माणसांचे फोटो, कागद, आवाज परत कसे काढायचे, एवढ्या एका विषयाला वाहिलेला इंटरनेटवरचा तो मंच होता. एवढ्याशा विषयावर माणसं किती वर्षं भांडू शकतात हे ज्याला पाहायचं असेल, त्याने तिथे एक चक्कर मारावी. फुकटचं सॉफ्टवेअर भरवशाचं की विकतचं, आज्ञा हाताने टाइप करावी की माऊसने टिचक्या मारत बसावं, बंद पडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की खरंच जिवंत होते की ती कुणीतरी उठवलेली आवई आहे, असे वाद तिथे रोज पेटायचे आणि विझायचे. कुणी रुसून मंच सोडून जायचं आणि चार दिवसांत नवं नाव घेऊन परत यायचं. पण त्या गदारोळात मास्तरांचं उत्तर येऊन पडलं, की निकाल लागल्यासारखे सगळे गप्प व्हायचे.

मास्तर खरोखरचेच मास्तर. तंत्रशाळेत आयुष्य गेलं, निवृत्त झाल्यावर त्यांनीच हा मंच सुरू केला. माणूस घाबरून प्रश्न विचारतो, म्हणून आधी त्याची भीती घालवायची आणि मग उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत. रोज सकाळी आंघोळ करून, दाढी करून, शाळेत निघाल्यासारखे ते मशीनसमोर बसायचे, असं त्यांनीच एकदा लिहिलं होतं.

त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली, त्यांतली एक मंचावर ‘पेचकस’ या नावाने वावरायची. तिला बाप्या समजून लोकांनी कित्येक वर्षं ‘भाऊ’, ‘दादा’ म्हटलं, तिनेही कधी खुलासा केला नाही, उलट मंचावर ‘करतो’, ‘बघतो’ असंच लिहायची. नवरा जहाजावर यंत्रांच्या खात्यात, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. नवीन लग्न झालेलं असताना त्याचं मशीन तिच्या हातून बंद पडलं, लग्नाचे सगळे फोटो त्यात, आणि रडकुंडीला येऊन तिने मंचावर पहिला प्रश्न टाकला. मास्तरांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. मग तिला त्या कामाचं वेडच लागलं. आता घराच्या खालच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मंच चालवणाऱ्या तिघांत तीही एक होती. दुकानात तिच्या जोडीला तिचे सासरे, आप्पा. काम काही नाही, पण गिऱ्हाइकाला खुर्ची देणं, त्याच्याशी गप्पा मारणं आणि ‘हे सगळं त्या वायफायमुळे होतं’ असं ठासून सांगणं, एवढं ते निष्ठेने करायचे.

त्या दिवशी सकाळी दुकान उघडून ती मंच पाहायला बसली, तर एका नव्या माणसाचा संदेश आला होता. शाळेची बस चालवणारा माणूस होता. त्याने लिहिलं होतं:

‘नमस्कार. माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. आजारी असताना ती आमच्या मुलीसाठी गोष्टी सांगून मशीनवर आवाज भरून ठेवायची. डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला म्हणून मी इथे विचारलं होतं. मास्तरांनी लगेच उत्तर दिलं. त्यांनी सांगितलं तसं नवी डिस्क आणून केलं. आता दोन्ही डिस्क रिकाम्या दिसतात. माझ्याकडून काही चुकलं का?’

तिने मास्तरांचं उत्तर उघडलं. नेहमीसारखंच प्रेमळ, नेहमीसारखंच सविस्तर. तळाशी डिस्कची नक्कल काढायची आज्ञा. त्या आज्ञेत आधी लिहायचं असतं कुठून घ्यायचं ते, आणि नंतर कुठे टाकायचं ते. मास्तरांनी उलटं लिहिलं होतं. जुन्यातलं नव्यात जायच्याऐवजी नव्या डिस्कचा कोरेपणा जुन्या डिस्कवर जाऊन बसला होता. आणि ज्याच्यावर असं दुसरं काही लिहिलं गेलं, ते कुणालाही परत काढता येत नाही. हे तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

डिस्क पाठवा, बघू या, असं तिने बसवाल्याला कळवलं. उपयोग नाही हे माहीत होतं, तरी ‘नाही’ हा शब्द टाइप करायला तिची बोटं वळेनात. मग तिने आधी ती आज्ञा दुरुस्त केली, दुसरं कुणी तीच उचलून वापरू नये म्हणून. आणि मग ती मास्तरांची अलीकडची उत्तरं एकेक करून तपासायला लागली. एका उत्तरात अर्ध्यावर विषय बदललेला. एकाच माणसाला तेच उत्तर दोनदा दिलेलं. एका ठिकाणी, जी डिस्क चुकूनही उघडू नये ती खुशाल उघडा म्हणून सांगितलेलं. जुन्या उत्तरांत असलं काही नव्हतं.

“काय गं, चेहरा का असा पडला?” आप्पांनी विचारलं.

“काही नाही आप्पा. एक काम बिघडलंय.”

बसवाल्याची डिस्क आली. तिने होते नव्हते ते सगळे प्रयत्न केले. डिस्क कोरी होती, धुऊन काढल्यासारखी. तिने त्याला फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बरं ताई. तुम्ही बघितलंत हेच खूप.” आणि फोन ठेवला. चूक नेमकी कुणाची, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

मंच चालवणारे आणखी दोघं म्हणजे ‘वकील’ आणि ‘मांजर’. वकील हा पेशाने दातांचा डॉक्टर, पण नियमांवर बोट ठेवून बोलायची खोड, म्हणून ते नाव. मांजर ही मंचाचं यंत्र सांभाळणारी मुलगी, एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. तिघांची एक वेगळी खोली होती, मंचावरच, पण इतरांना न दिसणारी. तिथे पेचकसने सगळं मांडलं.

‘नियम स्पष्ट आहे,’ वकिलाने लिहिलं. ‘धोकादायक सल्ला वारंवार दिला तर खातं स्थगित. मास्तर असोत नाहीतर आणखी कुणी.’

‘मास्तरांचं खातं तू स्थगित करणार?’ मांजरने विचारलं. ‘कर मग. बटण तुझ्याकडेही आहे.’

वकिलाने बटण दाबलं नाही. दातांवर हात चालतो तसा इथे चालेना.

एवढ्यात बाहेर मंचावर ठिणगी पडलीच. मास्तरांचं उत्तर पेचकसने बदलल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि लोक तुटून पडले. ‘मास्तरांची चूक काढणारा हा पेचकस कोण?’ ‘मास्तरांची खुर्ची हवी आहे याला.’ दुसरीकडे काही जण टपूनच बसले होते. त्यांनी लिहिलं, ‘आता प्रश्न विचारायला माणसं हवीत कशाला? एआयच्या यंत्राला विचारा, क्षणात सांगतं.’ त्यावर कुणी म्हणालं, यंत्र तरी कुठे शुद्ध तूप देतं, आणि मग मूळ विषय राहिला बाजूला, माणूस भरवशाचा की यंत्र यावर पानंच्या पानं भरली. मास्तर मात्र त्या भांडणात कुठेच नव्हते. ते आपले दुसऱ्याच एका प्रश्नाच्या धाग्यात कुणाला तरी चुकीचं उत्तर देत होते.

ते उत्तर पेचकसने घाईघाईने झाकलं. पण असं किती दिवस पहारा देणार?

मग मांजरने तोडगा काढला. ‘मी अशी सोय करते,’ तिने लिहिलं, ‘की मास्तरांनी लिहिलेलं फक्त मास्तरांना आणि आपल्याला दिसेल. त्यांना वाटेल सगळं नेहमीसारखं चालू आहे. अधूनमधून आपणच वेगवेगळ्या नावांनी त्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्या उत्तराला आभार मानायचे. कुणाचं नुकसान नाही. त्यांचं मनही मोडायचं नाही.’

‘आणि हे किती दिवस?’ पेचकसने विचारलं.

‘जितके दिवस लागतील तितके.’

‘हे फसवणं झालं.’

‘तू जाऊन त्यांना तोंडावर सांगणार आहेस का, की मास्तर, तुमचं डोकं चालेनासं झालंय? सांग मग.’

वकिलाला तर बुडत्याला होडी दिसावी तसं झालं. स्थगित करायला नको, कुणाशी वाईटपणा घ्यायला नको. त्याने लगेच होकार दिला. दोन विरुद्ध एक. ठरलं.

आणि खरं सांगायचं तर पेचकसलाही मनातून हायसं वाटलं. आपण विरोध केला याचं समाधान पदरात होतं, आणि सांगायची पाळीही टळली होती.

मांजर आणि वकील आळीपाळीने खोटे प्रश्न टाकायला लागले. मास्तर उत्तरं देत होते. कधी बरोबर, कधी सगळं भलतंच. खाली आभार यायचे. मग एकदा वकील गावाला गेला आणि पाळी पेचकसवर आली. तिने एक बाईचं नाव घेतलं आणि लिहिलं, की बाळाच्या जन्माचे फोटो डिस्कबरोबर गेलेत, काय करू. पटकन सुचलं ते लिहून टाकलं.

मास्तरांचं उत्तर आलं, ते भलंमोठं. अर्ध्याहून जास्त चुकलेलं. पण शेवटी लिहिलं होतं, ‘बाळ कसं आहे? फोटो गेले तरी बाळ तुमच्याजवळ आहे हे विसरू नका.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच परत विचारलं, ‘मिळाले का फोटो? मला चुटपुट लागून राहिली आहे.’ दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. त्या नसलेल्या बाळाच्या नसलेल्या फोटोंसाठी म्हातारा माणूस दिवसभर जीव टांगून बसला होता. ‘मिळाले, आभारी आहे’ असं लिहिताना पेचकसला स्वतःची लाज वाटली.

तिने आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांना त्यातलं सॉफ्टवेअर कळलं नाही, पण गोष्ट कळली.

“माझी स्कूटर आठवते?” ते म्हणाले.

“बंद पडली होती ती?”

“बंद कुठली! तुझ्या नवऱ्याने तिची कसलीशी तार काढून ठेवली होती. मला नीट दिसत नव्हतं, मी कुठेतरी जाऊन आदळेन म्हणून. मी महिनोन्‌महिने मेकॅनिककडे खेपा घालत होतो. तो मेला कार्ब्युरेटर साफ करायचा, मान हलवायचा, म्हणायचा, पार्ट येत नाही काका. तोही सामील!” आप्पा हसले, मग थांबले. “दिसत नाही हे मला काय कळत नव्हतं? पोराने खोटं सांगितलं, ठीक आहे. पोरगा आहे, घाबरतो. पण त्या मेकॅनिकबरोबर मी दोस्ती समजून चहा पीत बसायचो गं. ते कळलं तेव्हा जास्त लागलं.”

मास्तरांनी पूर्वी तिला दुकानाच्या पत्त्यावर, ‘पेचकस’ याच नावाने, बारीक अवजारांचा एक संच भेट पाठवला होता, त्या खोक्यावर त्यांचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी दुकान आप्पांवर सोपवून तिने बस धरली.

जुन्या वळणाची इमारत, अरुंद जिना, वरच्या मजल्यावर घर. दार मास्तरांच्या मुलीने उघडलं. चाळिशीची बाई, कानावर पेन्सिल खोचलेली. घरूनच भाषांतराची कामं करायची. पेचकसने आपण कोण ते सांगितलं, तशी ती बाहेर जिन्यावर आली आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.

“काय झालंय?”

पेचकसने सांगितलं. आज्ञेचं, बसवाल्याचं, खोट्या प्रश्नांचं. मुलगी ऐकत राहिली. तिला धक्का बसलेला दिसला नाही, ती नुसती थकलेली दिसली.

“डॉक्टरांनी सांगितलंय आम्हाला,” ती म्हणाली. “हळूहळू सगळं जाणार म्हणून. परवा मला आईच्या नावाने हाक मारली. पण सकाळी उठून दाढी करतात ना, ती तुमच्या त्या मंचासाठी करतात. कपडे बदलतात, ते त्यासाठी. तुम्ही जी सोय केलीत ती चांगली आहे. माझं ऐका, चालू द्या तसंच.”

“मला ते जमत नाही ताई.”

“तुम्हाला जमत नाही म्हणून त्यांनी का सोसायचं?”

पेचकसने एक पायरी खाली पाऊल टाकलं. ती परत फिरलीही असती. पण आतून आवाज आला, “कोण आहे गं? दारात काय उभं केलंयस माणसाला?”

खिडकीजवळ टेबल, टेबलावर मशीन, शेजारी अवजारं ओळीने मांडलेली. मास्तर उंच होते, इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी. पेचकसने नाव सांगितलं तर ते बघतच राहिले.

“पेचकस म्हणजे तू? अरे देवा! मी तर चांगला मिशीवाला पहिलवान डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होतो इतकी वर्षं!”

तिघंही हसली. मास्तरांनी तिला बसवलं, दुकानाची चौकशी केली, नवरा जहाजावर आहे कळल्यावर कोणत्या जहाजावर ते विचारलं. त्या वेळी ते इतके लख्ख होते, की पेचकसला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मुलीने चहा आणला आणि तिच्याकडे नजर रोखून पाहिलं. बोलू नका, असं ती नजर सांगत होती.

“मास्तर,” पेचकस म्हणाली, “एक दाखवायचं होतं.”

मुलगी ताडकन उठून खिडकीशी गेली.

पेचकसने मशीनवर बसवाल्याचा धागा उघडला. मास्तरांचं मूळ उत्तर, न बदललेलं, मंचाने जपून ठेवलेलं. मास्तरांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. आज्ञेपाशी थांबले. पुन्हा वाचलं.

“बरोबर आहे की,” ते म्हणाले. “यात काय?”

चूक झाली यापेक्षा ती दिसत नाही, हे फार भयंकर होतं. असलीच चूक तिने केली असती तर या माणसाने पूर्वी एका नजरेत पकडली असती.

तिने टेबलावरच्या दोन सुट्या डिस्क उचलल्या, त्यांच्यासमोर ठेवल्या. “ही जुनी. हिच्यात सगळं आहे. ही नवी, कोरी. तुमच्या आज्ञेत पहिलं नाव कुणाचं आहे?”

मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवलं. मग ते बोट टेबलावरच्या नव्या डिस्कवर आणलं. मग जुनीवर. तिथे ते थांबलं. पुन्हा पडद्याकडे गेलं, पुन्हा त्याच वाटेने आलं. मग त्यांनी दोन्ही डिस्कच्या जागा बदलून ठेवल्या, तेव्हा तिने ओळखलं, की त्यांना दिसलं.

“त्याच्या डिस्कमध्ये काय होतं?” त्यांनी विचारलं.

“बायकोचा आवाज. मुलीसाठी गोष्टी सांगितलेल्या. बायको आता नाही.”

मास्तरांनी चष्मा काढला. दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले. मग मुलीकडे न बघता म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“आजच कळलं, बाबा.”

“आणि बाकीचं? माझं?”

मुलीने मान खाली घातली. तिला रडू फुटलं. पेचकसकडे वळून ती म्हणाली, “झालं समाधान?”

“तिला नको बोलूस,” मास्तर म्हणाले. “अधूनमधून कळतं मला. टाइप करता करता मधेच एकदम सगळं पांढरं होतं. मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला.” ते थांबले. “ते खोटे प्रश्न तुम्हीच टाकायचात?”

पेचकसने ते अजून त्यांना सांगितलंच नव्हतं. जिन्यावरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. ती म्हणाली, “हो. एक मीही टाकला. बाळाच्या फोटोंचा.”

“ते बाळ नाही?”

“नाही.”

त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, “बसवाल्याला फोन लाव.”

फोन लागला, तिने तो स्पीकरवर टाकला. रस्त्याचा आवाज येत होता. बसवाला कुठेतरी गाडी उभी करून बोलत असावा. मास्तरांनी आपण कोण ते सांगितलं आणि सरळ म्हणाले, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी लिहिलेलं उलटं होतं. तुम्ही सगळं बरोबर केलंत.”

मग बसवाल्याचा आवाज आला, “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, काका. मुलीला मी तसंच सांगितलं. बाबाच्या हातून पुसलं गेलं म्हणून. ती माझ्याशी धड बोलत नाही तेव्हापासून.”

मास्तरांनी डोळे मिटले. “तिला सांगा, बाबाने नाही. एका म्हाताऱ्याने पुसलं. आज संध्याकाळीच सांगा. ती विश्वास ठेवत नसेल तर मला फोन द्या, मी सांगतो.”

“सांगतो,” बसवाला म्हणाला. तो रागावला होता की सुटला होता, ते कुणालाच कळलं नाही. बहुधा दोन्ही असेल.

फोन ठेवल्यावर मास्तर पेचकसला म्हणाले, “आता माझं खातं बंद कर.”

“मास्तर, तुम्ही वाचायला तरी या. लिहायचं तेवढं मी बंद करते.”

“वाचायला आलो तर उत्तर दिल्याशिवाय राहवणार नाही मला. ऐक. उद्या हे मला आठवेल याची खात्री नाही. उद्या मी दाढी करून इथे येऊन बसेन, खातं उघडणार नाही, आणि मी तुझ्यावर आग पाखडेन. माझं ऐकू नकोस. आत्ताचा मी सांगतोय ते ऐक. आणि खोटं काही सांगू नकोस. काय झालं ते सांगायचं.”

त्यांच्या देखत तिने खातं बंद केलं. मास्तर खुर्ची सरकवून उठले आणि आत जाऊन पडले. मुलगी तिला दारापर्यंत पोचवायलाही आली नाही.

त्याच आठवड्यात बसवाल्याने मंचावर स्वतः येऊन लिहिलं, की माझ्यापुरता हा विषय संपला, मास्तरांना कुणी नावं ठेवू नयेत आणि पेचकसलाही. लोक ओशाळले. मांजरने ती गुपचूप सोय काढून टाकली आणि पेचकसला एवढंच लिहिलं, ‘माझी आजीही अशीच गेली. म्हणून मला ते करावंसं वाटलं.’

पण मास्तर म्हणाले होते तसंच झालं. सकाळी दुकान उघडायच्या आत फोन वाजला. “माझं खातं कुणी बंद केलं? मी संस्थापक आहे या मंचाचा!” पेचकसने सगळं सांगितलं. बसवाला, त्याची बायको, उलटी आज्ञा. पलीकडे तेच नव्याने उगवलेलं दुःख. मग हळू आवाजात, “मग बंदच राहू दे.”

पुढच्या सकाळी पुन्हा फोन. आणि त्याच्या पुढच्या.

काही सकाळी ते भांडायचे, तिला कृतघ्न म्हणायचे, फोन आपटायचे. एकदा तर ते इतकं वाईट बोलले, की आप्पांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. पण बहुतेक वेळा सगळं ऐकून झालं, की त्याच निर्णयाशी येऊन थांबायचे, जणू पहिल्यांदाच घेतायत. बंदच राहू दे. या माणसाच्या डोक्यातून तारखा, नावं, आज्ञा गळून चालल्या होत्या, पण हे एक काही गळत नव्हतं. पेचकसला त्याने धीर यायचा, आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, धीर मला येतो, पण एकाच मरणाची बातमी रोज सकाळी नव्याने त्यांना ऐकावी लागते, त्याचं काय? मुलीने जिन्यावर विचारलेला प्रश्न तिच्या मानेवर बसलेलाच होता.

मग फोन कमी झाले. मग बंदच झाले. ती मनातल्या मनात भलतंसलतं धरून बसली होती, तोवर एके दिवशी मुलीचाच फोन आला.

“तुमच्यावर माझा राग होता,” ती म्हणाली. “अजूनही थोडा आहे. पण मी वेगळ्या कामासाठी फोन केलाय. बाबा हल्ली मंचाचं नाव घेत नाहीत. पण हात स्वस्थ बसत नाहीत. घरातलं सगळं उघडायला लागलेत. काल इस्त्री उघडली. परवा माझं मशीन उघडणार होते, थोडक्यात वाचलं. तुमच्याकडे असं काही असेल का, जे उघडलं तरी चालेल?”

पेचकसच्या दुकानाच्या माळ्यावर मेलेल्या डिस्कचा ढीग होता. ज्यांचे मालक ‘फेकून द्या’ म्हणून सांगून गेले होते, अशा. तिने एक पोतं भरलं आणि बस धरली.

मास्तरांनी तिला ओळखलं नाही. सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती, पण दाढी केलेली होती. ती मुलीने केली, असं मुलगीच म्हणाली. मुलीने टेबलावर जुनं फडकं पसरलं, दिवा जवळ ओढला. पेचकसने पहिली डिस्क त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन वजन अजमावलं, कानाशी नेऊन हलवली, आणि मग तिच्याकडे पाहून संशयाने विचारलं, “यात कुणाचं काही नाही ना?”

“नाही, मास्तर.”

“नक्की?”

“नक्की. मी स्वतः बघितलंय.”

तरीही त्यांनी क्षणभर हात आखडता घेतला. मग अवजारांच्या ओळीतून बरोबर तेच बारीक अवजार उचललं, कोपऱ्यातल्या पहिल्या स्क्रूवर टेकवलं आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. मुलीने पेचकससाठी खुर्ची ओढली आणि स्वतः शेजारी बसली. स्क्रू एकेक करून फडक्यावर पडत होते, आणि दोघीजणी काही न बोलता बघत होत्या.